हिम उशिरा, पाणी लवकर
(भूगोल अध्यापकांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. खडू आणि नकाशा हातात घेऊन वर्गात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाचा हा मान आहे, असे मी समजते. अध्यक्षाने आपल्या विषयशाखेचा वर्षभराचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे. ही गोष्ट आपण सगळेच शिकवतो, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत बदलते आहे.

हिमालयातल्या नद्या बारमाही असतात, कारण त्यांना उन्हाळ्यात बर्फाचे पाणी मिळते. या आशयाचे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने फळ्यावर लिहिले आहे. शेजारी गोदावरी, भीमा, कृष्णा यांची नावे लिहून आपण तुलनाही करून देतो : इकडच्या नद्या पावसावर, तिकडच्या पावसावर आणि बर्फावरही. ते वाक्य खोटे नाही. मात्र त्याच्या पोटात तीन प्रश्न दडलेले आहेत आणि आपण ते सहसा विचारत नाही. बर्फ कोणता? तो किती उंचीवरचा? आणि त्याचे पाणी नेमके कोणत्या महिन्यात येते? तापमानवाढीमुळे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बदलू लागली आहेत.

पहिला प्रश्न घेऊ. बर्फ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गंगोत्रीची हिमनदी उभी राहते. हिमनद्या शतकानुशतकांच्या साठ्यातून घडतात. त्या आक्रसत आहेत, याची चिंता जगाला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या संवर्धनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आणि २१ मार्च हा दरवर्षीचा हिमनदी दिन ठरवला. हे योग्यच झाले. पण हिमनद्यांपेक्षा कितीतरी मोठ्या प्रदेशावर दर हिवाळ्यात हिमाचा एक थर साचतो आणि उन्हाळा येईपर्यंत वितळून जातो. तो कुठल्या एका हिमनदीचा नसतो. कुरणांवर, देवदारांच्या जंगलात, खिंडींत, उघड्या उतारांवर तो नोव्हेंबरपासून भरत जातो आणि मार्चपासून रिता होऊ लागतो. सुगीत भरायची आणि पुढचे पीक हाती येईपर्यंत पुरवायची, अशी ती डोंगराची कणगी आहे. हा हंगामी हिमसाठा आपल्या धड्यांत जवळजवळ नसतोच.

त्याचे मोल किती, ते पाहा. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या पर्वतीय संस्थेच्या अंदाजानुसार हिंदुकुश-हिमालयातून निघणाऱ्या बारा मोठ्या नदीखोऱ्यांच्या वार्षिक प्रवाहात सुमारे चौथा हिस्सा हंगामी हिमाच्या पाण्याचा असतो. सिंधू खोऱ्यात हाच वाटा ४० टक्क्यांच्या घरात जातो. भाक्रा धरणापाशी सतलजच्या वार्षिक पाण्यात हिम आणि हिमनद्या मिळून सुमारे ५९ टक्के वाटा आहे, तर अखनूरपाशी चिनाबमध्ये तो सुमारे ४९ टक्के आहे, असे आपल्या जलशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. भाक्राच्या जलाशयाचे वर्षच मुळी त्यावर बेतलेले आहे. तिथे भरणीचा काळ २१ मे रोजी सुरू होतो. तेव्हा पंजाबात पावसाचा थेंब नसतो. पाणी येते ते वरच्या हिमाचे. पंजाब, हरियाणा, राजस्थानची शेती त्या तारखांच्या भरवशावर उभी आहे.

आता हे हिम येते कुठून? पश्चिम हिमालयातले हिवाळी हिम मोसमी वाऱ्यांचे नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत येणाऱ्या पश्चिमी झंझावातांचे ते देणे आहे. ही वादळे डिसेंबर ते मार्च या काळात एकामागून एक येतात आणि उंच डोंगरांना धडकून आपले बाष्प तिथे रिते करतात. ते बाष्प हिम होऊन पडणार की पाऊस होऊन, हे त्या क्षणी त्या उंचीवर तापमान शून्य अंशाच्या किती जवळ आहे यावर ठरते. दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे उंचीच्या प्रश्नाचे, उत्तर इथेच आहे.

आपण वर्गात शिकवतो की दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी घटते. तेच गणित उलटे मांडून पाहा. हवा एका अंशाने तापली, तर शून्य अंशाची रेषा सुमारे दीडशे मीटर वर सरकते. उभ्या भिंतीवर दीडशे मीटर म्हणजे काही नाही. पण डोंगररांगांच्या पायथ्यापासून मधल्या उंचीपर्यंत पसरलेल्या रुंद उतारांवर एवढ्याने फार मोठे क्षेत्र हिमाच्या बाजूकडून पावसाच्या बाजूकडे जाते. पाऊस त्याच दिवशी नदीत उतरतो, हिम चार महिने थांबते. म्हणजे वर्षभराच्या पर्जन्याची बेरीज अगदी तीच राहिली, तरी कणगी अर्धवटच भरू शकते. दुसरीकडे अतिउंच, कडाक्याच्या थंडीच्या भागांत एक-दोन अंशांच्या वाढीनेही हवा गोठणबिंदूच्या खालीच राहते, आणि तापलेली हवा अधिक बाष्प धरत असल्यामुळे तिथे एखाद्या वर्षी हिम जास्तही पडू शकते.

डार्टमथ कॉलेजच्या दोन संशोधकांनी २०२४ मध्ये उत्तर गोलार्धातल्या नदीखोऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच दिसले. जिथे हिवाळ्याचे सरासरी तापमान उणे आठ अंशांच्या खाली आहे, तिथे हिमसाठा बऱ्याच अंशी टिकून आहे. त्याहून उबदार खोऱ्यांत मात्र प्रत्येक वाढीव अंशागणिक नुकसान वेगाने वाढत जाते. माणसांची वस्ती अर्थातच या उबदार खोऱ्यांत अधिक आहे. ‘इसिमोड’च्या २०१९ च्या अहवालाने आणखी एक इशारा दिला आहे : जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली, तरी वायव्य हिमालय आणि काराकोरम त्याहून किमान ०.७ अंशाने अधिक तापतील.

मित्रहो, आता नकाशावरून काश्मीरच्या खोऱ्यात उतरू. तिथल्या लोकांनी थंडीचे तीन भाग केले आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांची कडक ‘चिल्लई कलां’, मग वीस दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांची ‘चिल्लई बच्चा’. पहिल्या चाळीस दिवसांत पडलेल्या हिमावर सगळ्यांचा भरवसा असतो. तेव्हा ऊन तिरपे असते, रात्री लांब असतात. हिम दबते, घट्ट होते आणि उन्हाळ्यापर्यंत टिकते. तेच हिम फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये पडले, तर दिसायला तितकेच पांढरे असते, पण त्याला मुरायला वेळ मिळत नाही. चढत्या उन्हात ते काही दिवसांत वाहून जाते.

जानेवारी २०२४ चा पहिला पंधरवडा आठवा. ऐन चिल्लई कलांमध्ये गुलमर्गचे उतार उघडे, तपकिरी होते. महाराष्ट्रातून दर हिवाळ्यात हजारो कुटुंबे काश्मीरला आणि मनालीला बर्फ पाहायला जातात. त्या वर्षी अनेकांना कोरडी कुरणे पाहून परतावे लागले. आपल्याकडच्या बातम्यांत ती पर्यटकांच्या निराशेची गोष्ट झाली. काश्मिरी शेतकऱ्यासाठी ती उन्हाळ्यातल्या भातलावणीच्या पाण्याची गोष्ट होती. २०२५ मध्येही कोरडा हिवाळा आला. गुलमर्गच्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा हिम नसल्याने फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या, आणि दक्षिण काश्मीरमध्ये अचबलच्या मुघल बागेला पाणी देणारा प्रसिद्ध झरा फेब्रुवारीतच कोरडा पडला. हिमाचे पाणी सावकाश मुरते, म्हणून झरे जगतात. पावसाचे पाणी उतारावरून धावत सुटते. झऱ्यावर जगणाऱ्या गावाला हा फरक शिकवावा लागत नाही.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘इसिमोड’ने उपग्रहांच्या आधारे जाहीर केले की, संपूर्ण हिंदुकुश-हिमालयात हिम जमिनीवर टिकून राहण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होते. तेवीस वर्षांच्या नोंदीतला तो नीचांक होता, आणि सरासरीहून कमी असलेले ते सलग तिसरे वर्ष होते.

हिम कमी पडणे हा प्रश्नाचा एक भाग झाला. पडलेले हिम लवकर वितळणे हा दुसरा, आणि इथे आपला तिसरा प्रश्न येतो : पाणी कधी? ताजे हिम त्याच्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकते. त्याखालची माती मात्र बहुतेक सगळा शोषून घेते. म्हणून हिमाच्या थराची कड एकदा मागे सरली की उघडी पडलेली जमीन तापते आणि शेजारचे हिमही वितळवू लागते. त्यात वसंतात थरच्या वाळवंटातून उडालेली धूळ येऊन पडते. डिझेलच्या वाहनांची, वीटभट्ट्यांची, चुलींची आणि जळत्या शेतांची काजळी येते. एवढ्याशा काळपटपणानेही हिम जास्त ऊन पिते. एक किलो बर्फ वितळायला जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत तेच एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. अप्रकट उष्म्याचा हा धडा आपण विज्ञानाच्या तासाला ऐकलेला असतो. हिमसाठा इतके महिने टिकतो तो या कठीण हिशेबामुळेच. पण मार्च २०२२ सारखा महिना आला, की तोही हिशेब कोलमडतो. देशाच्या कमाल तापमानाच्या नोंदींत १९०१ पासूनचा तो सर्वांत उष्ण मार्च होता. त्या उन्हाने मैदानातला गहू दाणे भरण्याआधीच होरपळला, आणि मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. मैदानात गहू करपत असताना डोंगरावर पुढच्या हंगामाचे पाणी वेळेआधी सुटत होते. या दोन घटना आपण दोन वेगळ्या बातम्या म्हणून वाचल्या.

पाणी लवकर आले तर बिघडले काय, असे मुले विचारतील. त्याचे उत्तर लडाखमध्ये आहे. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पर्जन्य मिळते. आपल्या माणदेशाला दुष्काळी म्हणावे तर तिथे त्याच्या पाव हिश्शाइतकाही पाऊस नाही. सातू, गहू, वाटाणा पेरायचा तो एप्रिल-मे मध्ये, कारण सप्टेंबरनंतर पुन्हा थंडी. उंचावरच्या हिमनद्यांचे पाणी जून-जुलैपर्यंत खाली येत नाही. पेरणीची तहान भागते ती खालच्या उतारांवरच्या हंगामी हिमाने. गावात ‘चुरपोन’ म्हणून नेमलेला माणूस पाण्याच्या पाळ्या ठरवतो, आणि त्याचा शब्द सगळे मानतात. ते हिमच नसेल किंवा मार्चमध्येच वाहून गेले असेल, तर चुरपोनने वाटायचे काय? झांस्करमधल्या कुमिक गावाला याचे उत्तर मिळाले नाही. त्या गावावर मोठी हिमनदी नव्हती. ते डोंगरावरच्या हिमावर जगत होते. पाणी आटत गेले आणि या शतकाच्या सुरुवातीला गावकऱ्यांनी शेकडो वर्षांची वस्ती सोडून खाली नवे घर वसवण्याचा निर्णय घेतला.

याच लडाखने उपायही शोधला. चेवांग नोर्फेल या अभियंत्याच्या लक्षात आले की हिवाळ्यात ओढ्यांतून पाणी वाहून फुकट जाते आणि एप्रिलमध्ये त्याचीच टंचाई असते. त्यांनी १९८० च्या दशकापासून गावाच्या जवळ, डोंगराच्या सावलीत, दगडी बांधांमागे ते पाणी पसरवून गोठवायला सुरुवात केली. गाव आणि साठा यांच्या उंचीतला फरक कमी, म्हणून तो साठा पेरणीच्या वेळीच वितळतो. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी बर्फाचे उंच शंकू, म्हणजे ‘हिमस्तूप’, उभारले. शंकूचा पृष्ठभाग उन्हाला कमी सापडतो, म्हणून तो अधिक काळ टिकतो. या कामाला मी वंदन करते. पण एखादे गाव तगवायला असे बांध पुरतील. सतलजचे खोरे त्यांनी भरणार नाही.

हिमाचलात हीच वेळ सफरचंदाच्या झाडाला साधावी लागते. कोटगढला सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ मध्ये डेलिशस जातीची कलमे आणली. त्या जातीला फुलण्याआधी सात अंशांखालच्या थंडीचे हजार-बाराशे तास लागतात. खालच्या उंचीवर ते पुरे पडेनात, तेव्हा बागा वर सरकल्या : किन्नौर, लाहौल, स्पितीकडे. कुल्लूच्या खालच्या भागात डाळिंब आले. ज्या डाळिंबाचा धडा आपण सांगोल्याच्या माळावर उभे राहून शिकवतो, ते आता बियासच्या काठी पिकते. नकाशावरचे पिकांचे पट्टे हलताना दिसणे, ही आपल्या पिढीच्या वाट्याला आलेली गोष्ट आहे.

हे सगळे सांगताना एक पथ्य पाळायला हवे. एका कोरड्या हिवाळ्यावरून निष्कर्ष काढू नयेत, आणि एका भरघोस हिवाळ्यावरून निर्धास्तही होऊ नये. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात १ एप्रिल २०१५ रोजी हिमसाठा सरासरीच्या अवघा पाच टक्के होता. २०२३ मध्ये तोच सरासरीच्या दुपटीहून अधिक झाला. तरीही अमेरिकेच्या संपूर्ण पश्चिम भागात विसाव्या शतकाच्या मध्यापासून वसंताच्या सुरुवातीचा हिमसाठा सुमारे १५ ते ३० टक्क्यांनी घटला आहे. चढउतारांतून हा कल दिसू शकला, कारण तिथे दीर्घकाळ मोजणी झाली.

त्या मोजणीचा इतिहास शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावा. नेवाडा विद्यापीठात लॅटिन शिकवणारे प्राध्यापक जेम्स चर्च विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात माउंट रोझ पर्वतावर हिम मोजू लागले. त्यांनी एक पोकळ नळी तयार केली. ती हिमात जमिनीपर्यंत खुपसायची, बाहेर काढून वजन करायची, आणि इतक्या हिमात किती पाणी आहे ते जागीच सांगायचे. खोली मोजून भागत नाही, कारण ताजे हिम भुसभुशीत असते आणि वसंतातले त्याच्या चार-पाच पट जड. चर्च यांच्या नळीने ताहो सरोवर किती भरेल याचा अंदाज आधीच सांगता येऊ लागला. हिममोजणीच्या कामासाठी ते १९४७ मध्ये भारतातही आले होते.

आपल्याकडेही हिमाची दखल जुनी आहे. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये हिमालयातले हिवाळी हिम आणि पुढचा पावसाळा यांचा संबंध मांडला : हिम जास्त, तर मोसमी पाऊस अशक्त. मोसमी पावसाचा दीर्घकालीन अंदाज देण्याचा प्रयत्न त्यातून सुरू झाला, आणि पुढे हे काम पुण्यात बहरले. तो संबंध पुढच्या काळात तितका स्थिर राहिला नाही, हेही तितकेच खरे. पण विदर्भातला शेतकरी ज्या अंदाजाची वाट पाहतो, त्याच्या मुळाशी हिमालयाचे हिम होते, एवढे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवे. आज उपग्रह हिमाचे क्षेत्र उत्तम दाखवतात. मात्र तीव्र उतारांवर आणि जंगलाखाली त्यात पाणी किती, हे जमिनीवर जाऊनच कळते. अशी मोजणी-केंद्रे हिमालयाच्या विस्ताराच्या मानाने फार विरळ आहेत. ती वाढवावीत, आणि त्यांच्या नोंदी शाळा-महाविद्यालयांना खुल्या असाव्यात, अशी मागणी या अधिवेशनाने केली पाहिजे. मोजणीबरोबर उपायही हवेत. काजळी कमी करणे आपल्या हातात आहे. ती हवेत काही दिवसच राहते, म्हणून तिच्याविरुद्धच्या कामाचे फळ लवकर मिळते. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. तो शतके राहतो, म्हणून तिथे उशीर परवडणारा नाही.

शेवटी, आपण काय करायचे? मी तीन गोष्टी ठरावासाठी मांडते.

पहिली, नद्यांचा धडा शिकवताना महिनावार प्रवाहाचा आलेख फळ्यावर काढावा. एप्रिल-जूनचे पाणी हंगामी हिमाचे, जुलै-सप्टेंबरचे पावसाचे आणि हिमनद्यांचे, हे रंगाने वेगळे दाखवावे, आणि हिम लवकर वितळले तर आलेखाचे शिखर कुठे सरकते ते मुलांकडूनच काढून घ्यावे.

दुसरी, प्रत्येक शाळेने नोव्हेंबर ते मे हिमनोंद ठेवावी. उपग्रहांची चित्रे विनामूल्य पाहता येतात, केंद्रीय जल आयोग धरणांतल्या पाणीसाठ्याची माहिती दर आठवड्याला देतो. महिन्यातून एकदा दोन आकडे आणि एक चित्र वहीत गेले, तर दहावीपर्यंत मुलाच्या हाती पाच हिवाळ्यांची स्वतः केलेली नोंद असेल.

तिसरी, लेह, कुल्लू, बारामुल्ला इथल्या शाळांशी आपल्या शाळांनी जोडी जमवावी. आपली मुले पर्जन्यमापक वाचतील, त्यांची मुले अंगणात रोवलेल्या काठीवर हिमाची खोली वाचतील, आणि दर महिन्याला दोघे एकमेकांना पत्राने आपले आकडे कळवतील. चुरपोनच्या पाळीपत्रकाला आणि आपल्या पाणीवाटप संस्थेच्या पाळीपत्रकाला एकच नियम लागू आहे, हे त्यांना एकमेकांकडून कळेल : पाणी आहे किती, आणि येणार कधी, हे आधी माहीत असल्याशिवाय न्याय्य वाटप होत नाही.

हे तिन्ही ठराव तुम्ही एकमताने स्वीकाराल आणि येत्या नोव्हेंबरपासून अमलात आणाल, अशी मला खात्री आहे.